पैंगीणला घर, कैगाची धास्ती: आयोडीनच्या गोळ्या ठेवू का?

पैंगीणवाडा: गोव्यात काणकोणजवळ पैंगीणला घर बघतोय. कर्नाटकातलं कैगा अणुवीज केंद्र सरळ रेषेत 40 किलोमीटरच्या आसपास. घरचे नको म्हणतात. आयोडीनच्या गोळ्या आणून ठेवल्या की झालं का?

मात्रा_मिलि: निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसीव्हर्ट (किरणोत्साराच्या मात्रेचं माप) मिळतात. अणुकेंद्रामुळे जनतेला मिळणाऱ्या मात्रेची मर्यादा 1 आहे, छातीचा एक सीटी स्कॅन त्याच्या कितीतरी पुढे जातो. आणीबाणीचं नियोजन 16 किलोमीटरपर्यंतचं असतं, तुम्ही बरेच बाहेर. प्रौढांची गोळी 130 मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइडची. ती किरणोत्सारी आयोडीनपासून फक्त थायरॉइड वाचवते, तीही वेळेवर घेतली तर. सीझियमसारख्या दुसऱ्या किरणोत्सारी द्रव्याला तिचा काडीचा उपयोग नाही. सरकारी सूचनेशिवाय घेऊ नका. जखमेवरचं आयोडीन तर चुकूनही पिऊ नका.

जडपाणी: लोक स्फोटाला भितात, खरी गोम उष्णतेत आहे. अणुभट्टी बंद केली तरी त्या क्षणी पूर्ण क्षमतेच्या 6-7 टक्के उष्णता निघतच राहते. 220 मेगावॅट विजेच्या युनिटला (त्याची उष्णता विजेच्या तिपटीहून जास्त) म्हणजे 45-50 मेगावॅट. ती काढायला पंप, पंपांना वीज. उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात 31 मार्च 1993 रोजी टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, केबली जळाल्या, 17 तास केंद्र अंधारात. डिझेलच्या अग्निशमन पंपांनी स्टीम जनरेटरला (गाभ्याची उष्णता घेऊन वाफ करणाऱ्या टाकीला) पाणी दिलं, गाभ्यातलं जड पाणी तापून आपसूक फिरत राहिलं. गाभा शाबूत राहिला. कैगाची चालू युनिटं त्याच जातीची.

काणकोणकर_७: मान्य. पण फुकुशिमा प्रांतात 2011 नंतर हलवाहलवीच्या हालांतच 2,000 च्या वर माणसं गेली, बहुतेक म्हातारी. तेव्हा हुकूम नसताना गाडी काढून पळायचं नाही. दारं-खिडक्या लावून आत बसा, विहीर झाका, बाहेर चरणाऱ्या गुरांचं दूध पोरांना देऊ नका. आयोडीन-131 (अपघातात सुटणारं किरणोत्सारी आयोडीन) दर 8 दिवसांनी निम्मं होतं. चेर्नोबिलच्या पोरांना ते मुख्यतः दुधातूनच भोवलं.

वायरमन_सासष्टी: घर बघताय ना, आधी डीबी (विजेची मुख्य पेटी) उघडा! 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे का? महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा, स्विच पडला नाही तर बदला. गीझरचं अर्थिंग तपासा. गॅसची नळी 5 वर्षांनी नवी. आणि रोज दुचाकीने करमल घाटातून मडगावला जाणार असाल तर हेल्मेटचा पट्टा लावा. गोव्यात रस्त्यावर वर्षाला अडीचशेच्या वर माणसं मरतात, त्यात दुचाकीवाले सगळ्यात जास्त.

पैंगीणवाडा: अर्थिंग कधी मोजायचं?

वायरमन_सासष्टी: मे महिन्यात. पावसात जांभा ओला असतो, आकडा फसवा चांगला येतो. 5 ओहमच्या आत बघा. एका रॉडने भागलं नाही तर दुसरा रॉडच्या लांबीइतक्या अंतरावर ठोकून जोडा.