शब्दचर्चा : कॅमेऱ्यासमोरचं ‘गुप्तदान’

गंगापूर रोडहून प्रश्न :
अकरावीच्या एका मुलाने निबंधात ‘द सीक्रेट मिलियनेअर’बद्दल लिहिलंय. हा ब्रिटिश कार्यक्रम २००६ मध्ये चॅनल फोरवर आला, २००८ मध्ये अमेरिकेत फॉक्सनेही काढला. श्रीमंत माणूस ओळख लपवून गरीब वस्तीत काही दिवस राहतो, लोकांबरोबर काम करतो आणि शेवटी ‘मी खरा कोण’ ते सांगून चेक हातात ठेवतो. मुलाने याला ‘गुप्तदान’ म्हटलंय. मी लाल रेघ मारली खरी, पण बदली शब्द सुचेना.

पंचवटीतून :
मॅडम, रेघ बरोबर मारलीत. गुप्तदान करणारा गुप्तच राहतो. संक्रांतीला तिळाच्या लाडवात नाणं घालून देतात, घेणाऱ्याला ते दाताखाली आल्यावर कळतं. देवळात पावती फाडताना नाव विचारलं की काही जण ‘गुप्तदान लिहा’ म्हणतात आणि नावाच्या रकान्यात तेवढंच येतं. इथे ओळख लपवायची ती शेवटी उघड करण्यासाठीच. राजा वेष बदलून नगरात फिरायचा, त्यातला हा प्रकार.

आणि दान म्हटलं की ‘सोडणं’ आलं. रामकुंडावर गुरुजी संकल्प सांगतात, यजमानाच्या तळहातावर पळीभर पाणी घालतात, ‘न मम’ म्हणताना ते बोटांवरून खाली सुटतं. झालं, त्या वस्तूवरचा हक्क संपला. उसन्या पैशांवर आपण ‘पाणी सोडलं’ म्हणतो ते यातूनच. टीव्हीवरचा दाता पैशावर पाणी सोडतो, श्रेयावर नाही.

सिडकोतून :
काका, आपल्याकडे तरी कोण सोडतंय? देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ रंगवलेलं असतं. वाचायचं तर लाइट जायची वाट बघा! काळाराम मंदिर सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलं हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ते दान हलकं ठरलं का? फॉक्सच्या कार्यक्रमात माणसाला स्वतःच्या खिशातले किमान एक लाख डॉलर द्यावे लागत, तेही लक्षात घ्या. मी सरळ ‘देणगी’ लिहीन. देणगीला पावती असते, नाव असतं, फोटो काढलेलाही चालतो.

नाशिकरोडहून :
स्वतःच्या खिशातले असले तर ठीक. ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये एखादा नट संस्थेसाठी खेळतो आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते, ‘अमुक लाख दान केले’. अहो, पैसे वाहिनीचे नि प्रायोजकांचे! दान देताना वस्तूवर तुळशीचं पान ठेवतात, हे पठ्ठे ते हलवायाच्या घरावर ठेवून मोकळे होतात. त्याच कार्यक्रमात २०१८ मध्ये प्रकाश आणि मंदाताई आमटे, २०१९ मध्ये सिंधुताई सपकाळ ‘कर्मवीर’ म्हणून आल्या. त्यांनी संस्थेसाठी पैसे ‘जिंकले’ किंवा ‘मिळवले’ असंच आपण म्हणतो ना? नटालाही तेच क्रियापद लावा.

पंचवटीतून :
तुळशीपत्राची म्हण जरा जास्तच लागली. नटाने वेळ दिला, नाव दिलं. ‘दान केले’ मात्र चूकच. सोंगट्यांतलं दान म्हणत असाल तर चालेल, मनासारखं दान पडलं!

गंगापूर रोडहून :
आणि ‘दानशूर’? त्याच मुलाने पुढच्या परिच्छेदात ‘दानशूर उद्योगपती’ लिहिलंय.

सिडकोतून :
तो शब्द पेपरवाल्यांनी पार घासून टाकलाय. ऑपरेशनच्या मदतीचं आवाहन आलं की ‘दानशूर व्यक्तींनी’ ठरलेलंच. कर्णाने अंगावरची कवचकुंडलं कापून दिली, तिथे तो शोभतो. सातपूर-अंबडच्या एखाद्या कंपनीने शाळेला बाकं दिली की लगेच मालक दानशूर! २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर घालावेच लागतात. त्याला ‘सीएसआरचा खर्च’ म्हणा.

देवळालीहून :
सगळे देणाऱ्याच्या नावात अडकलात. ओळख लपवली कशासाठी? घेणारा कसा आहे ते आधी पारखायला. कोण मनापासून राबतंय, कोणाला पैसे दिले तर कारणी लागतील, हे त्याला चोरून बघायचंय. आपल्याकडे यालाच ‘सत्पात्री दान’ म्हणतात. फरक एवढाच की शास्त्रात पात्र कोण हे ठरवून दिलेलं आहे, इथे ते ठरवायचा हक्क पैसेवाल्याकडे, आणि वस्तीतल्या माणसाला आपली परीक्षा चाललीय याचा पत्ताच नसतो. वेगळ्याच विषयावरचा माहितीपट म्हणून चित्रीकरण करतात. निबंधात मुलाला हे लिहायला लावा, शब्द आपोआप सापडेल.

गंगापूर रोडहून :
हे पटलं. ‘गुप्तदान’ खोडून ‘पात्र पारखून दिलेली देणगी’ सुचवते, ‘दानशूर’ही काढते. आता एकच राहिलं. मिलियनेअरला त्याने ‘लखपती’ लिहिलंय, ते ठेवू?

नाशिकरोडहून :
नको. दहा लाख पौंडांचे आपले कितीतरी कोटी होतात. ‘कोट्यधीश’ करा.