आत्महत्या झालेल्या घरी भेटी देणाऱ्या ताई खचताहेत, काय बदलावं?

कापूसकोंड्या:
यवतमाळ जिल्ह्यात सहा स्वयंसेविका शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांना भेटी देतात. प्रत्येकीच्या आठवड्याला सात-आठ भेटी. तीन महिन्यांत दोघींची झोप उडालीय. एकीला तर फवारणीच्या औषधाचा वास आला तरी मळमळतं. मासिक बैठक होते, पण तिथे रजिस्टरच भरलं जातं.

बांधावरची बाभूळ:
झोप उडण्याची कारणं बरीच असतात. वासाने मळमळणं मात्र नुसता थकवा नाही. थकवा हळूहळू चढतो आणि सुट्टीने थोडाफार तरी उतरतो. ऐकलेलं दृश्य वासाने, दोरीने अंगावर येणं हा दुय्यम आघात. तो एका भेटीतही होतो, चार दिवस माहेरी जाऊन जाईलच असं नाही. त्या ताईंना सध्या नव्या घरी पाठवू नका, पण घरीही बसवू नका, नाहीतर 'मला जमलं नाही' हेच मनात बसतं. संजय गांधी निराधारची कागदपत्रं, तहसीलच्या खेपा, ही कामं द्या.

मोजायचं तर मदतीचं काम करणाऱ्यांसाठीची 'प्रोक्वॉल' प्रश्नावली आहे: ३० प्रश्न, गेल्या ३० दिवसांबद्दल, १ ते ५ गुण. कामातलं समाधान, थकवा, दुय्यम आघात हे तीन भाग वेगवेगळे मोजायचे, बेरीज करायची नाही. निदानासाठी ती नाही. त्याच ताईंचे आधीचे आणि आताचे गुण ताडून बघा.

वर्धेकर:
सात-आठ भेटी फार झाल्या. माझ्या मते चार, त्यातलं नवं घर एकच, आणि तेही जोडीनं. 'कसं झालं, कुणी पाहिलं' हे ताईंनी खोदून विचारायचं कारणच नाही. घरचे आपणहून सांगतील तेवढं ऐकायचं. परतल्यावर सगळ्यांना गोल बसवून तपशील वदवून घेण्याची पद्धत तर बंदच करा. त्याने उरलेल्या पाचजणींच्या डोक्यातही तेच चित्र जातं.

पहिला पोळा आणि वर्षश्राद्ध जड जातात. बैल सजवायला धनी नसतो, त्या दारात उभं राहणं सोपं नाही. पोळ्याच्या आठवड्यात एकीच्या वाट्याला दोन घरं येऊ देऊ नका.

कापूसकोंड्या:
बैठक मीच घेतो, मानधनाच्या याद्याही मीच करतो. ताई बोलत नाहीत.

बांधावरची बाभूळ:
दादा, ज्याच्या सहीनं मानधन निघतं त्याच्यापुढे 'मला झेपत नाही' कोण म्हणेल? रजिस्टर तुम्ही बघा. ऐकायला बाहेरचं माणूस आणा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातले समुपदेशक मिळतात का विचारा. पंधरा दिवसांनी दीड तास, दोनच केस, तुम्ही खोलीबाहेर.

आणि रात्री दहाला त्या घरांतलं कुणी ताईंच्या दारात आलं तर? आताच ठरवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, तो भेटीतच घरच्यांच्या फोनमध्ये टाकून द्यायचा. ताईंच्याही.