जांभळ्या खोडाचा रॉयल पाम इंदूरच्या काळ्या मातीत

प्रश्न (इंदूर)
नमस्कार. बंगल्यांच्या फाटकाशी सर्रास दिसणारा रॉयल पाम, म्हणजे रॉयस्टोनिया रेजिया, आमच्याकडे आहेच; परंतु क्युबाच्या अगदी पूर्व टोकाला, मायसीच्या परिसरात आढळणारा रॉयस्टोनिया व्हायोलासिया वाढवावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. त्याच्या खोडाला जांभळट छटा असते आणि नरफुलेही जांभळी असतात. एका स्नेह्यांनी दिलेल्या बियांपासून झालेले रोप कुंडीत गुडघ्याएवढे झाले आहे. जमीन काळी असून पाणी बोअरिंगचे, बरेच जड आहे. हिवाळ्यापासून प्रत्येक नवे पान पिवळे, आखूड आणि टोकाला करपलेले निघते. जुनी पाने मात्र हिरवीगार आहेत. यंदा रोप जमिनीत लावावे का?

उत्तर (बडोदे)
जुनी पाने निरोगी आणि बिघाड फक्त नव्या पानांत, यावरून मँगनीजची कमतरता असावी असे वाटते. चुनखडीच्या अल्कधर्मी मातीत मँगनीज असले तरी मुळांना ते घेता येत नाही, जड पाण्याने त्यात भर पडते आणि माती गार पडली की शोषण आणखी मंदावते. मँगनीज सल्फेट द्यावे. दुकानात नावाच्या साधर्म्यामुळे मॅग्नेशियम सल्फेट हाती पडते, तेव्हा पिशवीवरचे नाव नीट वाचावे. करपलेले पान पुन्हा हिरवे होणार नाही, गुण आला की नाही हे पुढच्या पानावरूनच कळेल. पुढे कधी खालच्या पानांवर नारिंगी-पिवळे ठिपके दिसले, तर ती पालाशची उणीव समजावी आणि ती पाने कापू नयेत, कारण झाड त्यांतलाच पालाश नव्या वाढीसाठी वापरते.

उत्तर (इंदूर)
लावावे, पण नवे पान निरोगी निघाल्यावर आणि पावसाळ्याच्या तोंडावर, माती तापलेली असताना. काळ्या मातीत खड्डा खणून त्यात वाळू-पोयटा भरला, तर पावसात त्या खड्ड्याचा हौद होतो आणि कोवळी मुळे कुजतात. त्याऐवजी रुंद उंचवटा करून त्यावर लावावे, बुंधा कुंडीत होता त्याहून खोल गाडू नये. उन्हाळ्यात भेगा पडून मुळे तुटू नयेत म्हणून पालापाचोळ्याचे जाड आच्छादन हवेच. पामला शेंड्याचा एकच कोंब असतो, तो गेला की झाड गेले; म्हणून पहिले काही हिवाळे कडाक्याच्या रात्री रोप गोणपाटाने झाकावे. घरापासून लांब लावावे, कारण मोठ्या झाडाचे वाळलेले पान देठासकट आपोआप गळते आणि ते चांगलेच वजनदार असते.

उत्तर (ग्वाल्हेर)
रॉयल पामच्या निरनिराळ्या प्रजातींची रोपे लहानपणी सारखीच दिसतात आणि छटा खोड उघडे पडल्यावरच पारखता येते. बी कोणत्या झाडाचे होते, हे स्नेह्यांना आत्ताच विचारून लिहून ठेवावे, म्हणजे पुढे प्रजातीची खातरजमा करणे सोपे जाईल.