मदत हवी आहे: मॅडिसनमधल्या लोकल बातम्यांसाठी काय घ्यावं?

नमस्कार मंडळी, आम्ही नुकतेच विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला शिफ्ट झालोय आणि आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतायत. बाबांना सकाळी चहाबरोबर हातात पेपर लागतोच, फोनवर वाचलेलं त्यांना वाचल्यासारखं वाटतच नाही. इथे रोजचा पेपर म्हणजे विस्कॉन्सिन स्टेट जर्नल, आणि १९१७ साली सुरू झालेला कॅपिटल टाइम्स २००८ पासून कागदावर रोज निघत नाही. तर स्टेट जर्नल अपार्टमेंटमध्ये दाराशी टाकतात की पोस्टाने दुपारी येतो? दुपारी येणार असेल तर बाबांसाठी काही उपयोग नाही.

दुसरं म्हणजे टीव्ही. केबल घ्यायची नाहीये, साधा अँटेना लावून ३, १५, २७ आणि पब्लिक टीव्हीचं २१ फुकट दिसतं ना? आमचा फ्लॅट तळमजल्यावर आहे, खिडकीसमोर दुसरी बिल्डिंग, मग घरातला चपटा अँटेना पुरतो का? कोणी लावला असेल तर प्लीज सांगा.

रेडिओवर मी डब्ल्यूओआरटी ८९.९ ऐकते, श्रोत्यांच्या वर्गणीवर १९७५ पासून चालू आहे, बरेचसे कार्यक्रम व्हॉलंटियर करतात, खरंच फार जीव लावून चालवलंय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, टोर्नेडोचा भोंगा घरात नीट ऐकू येत नाही, आम्ही ऑफिसला असताना आई-बाबा एकटेच असणार, म्हणून वेदर रेडिओ (वादळाचा इशारा आला की आपोआप वाजणारा रेडिओ) घ्यायचाय. फक्त आपल्या काउंटीचाच इशारा वाजेल असं सेटिंग असलेला आणि आईला सहज वापरता येईल असा कुठला घेऊ?