मदत हवी आहे: तांब्याच्या तारेवरचा घरचा फोन फायबरवर घ्यायचा आहे, जुनं वायरिंग चालेल का?

साखरपेठकर
घर सोलापुरात, साखर पेठेत, दुमजली. खाली बटणांचा फोन, वर त्याच लाइनवर पॅरलल दुसरा, तोही जुना, डायल फिरवायचा. पाऊस पडला की लाइनवर खरखर. आता फायबरवरून इंटरनेट आणि फोन एकत्र घ्यायचा विचार आहे. तीन शंका: ०२१७ चा नंबर तोच राहील का? भिंतीतली जुनी वायर आणि दोन्ही फोन वापरता येतील का? आणि लाइट गेली तर? वर वयस्क माणसं असतात, त्यांना मोबाइल जमत नाही.

रोझेट
नंबराचं आधी मिटवून घ्या. आपल्याकडे पोर्टिंग फक्त मोबाइल नंबरचं होतं, लँडलाइनचं नाही. कंपनी बदलली की ०२१७ पुढचे आकडे बदलणारच, एजंट काहीही सांगू दे. त्याच कंपनीत राहून तांब्यावरून फायबरवर जाणार असाल तर नंबर ठेवता येतो का ते विचारा, आणि ठेवता येत असेल तर अर्जावर 'नवीन जोडणी' न लिहिता 'चालू नंबरचं फायबरवर रूपांतर' असं स्पष्ट लिहून घ्या. नवीन जोडणी म्हणून नोंद झाली की नवा नंबर पडतो, मग जुना परत मिळवायला खेटे.

आता वायरिंग. फायबर येते ती ओएनटीपर्यंत, म्हणजे आपण ज्याला मोडेम म्हणतो त्या डब्यापर्यंत. त्याच्या मागे इंटरनेटच्या चौकोनी पोर्टांशेजारी एक लहान पोर्ट असतं, 'फोन' किंवा 'टेल' लिहिलेलं. डायल टोन तिथून निघतो. साधा फोन तिथे लावला की झालं, वेगळा इंटरनेट फोन घ्यायची गरज नाही.

घरभर टोन न्यायचा असेल तर त्या पोर्टातून दोन तारांची कॉर्ड काढून जुन्या रोझेट बॉक्समध्ये, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या तारा जोडायच्या डबीत, जोडतात. पण त्याआधी बाहेरून येणारी तांब्याची जोडी रोझेटमधून सोडवायचीच. लोक नेमकं हेच विसरतात. एक्स्चेंजकडून त्या जोडीवर सुमारे ४८ व्होल्ट डीसी कायम असतो आणि रिंग येताना ७५ व्होल्टच्या आसपास एसी. ओएनटीचं पोर्ट स्वतःच व्होल्टेज देणारं आहे. समोरून दुसरं आलं की पोर्ट जळू शकतं. इंटरनेट चालू राहतं, फोन मेलेला, आणि दोष दिला जातो मोडेमला. 'लाइन बंद झाली, तार निर्जीव आहे' यावर विसंबू नका. मल्टिमीटर डीसी २०० व्होल्टवर ठेवून बघा, मग सोडवलेली दोन्ही टोकं वेगवेगळी टेप करा. जुना ब्रॉडबँडचा स्प्लिटर (फोन आणि इंटरनेट वेगळं करणारी डबी) मध्ये असेल तर तोही काढा.

आवाजाला इंटरनेट पुरेल का, ही काळजी सोडा. एका कॉलला प्रत्येक दिशेला शंभर केबीपीएसच्या आतच लागतं.

साखरपेठकर
धन्यवाद. फिटिंगच्या वेळी काय बघून घेऊ? आणि लाइटचं राहिलं.

हिरवा_कनेक्टर
फिटिंगवाल्याला पॉवर मीटरवरचं रीडिंग, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचा जोर, दाखवायला सांगा. उणे १५ ते उणे २४ डीबीएम उत्तम. उणे २७ ही हद्द, त्याच्या जवळ असेल तर आज चालेल आणि पहिल्या धक्क्याला लाल दिवा लागेल. कारण बहुतेक वेळा खिळ्याखाली दाबलेली किंवा कोपऱ्यात काटकोनात वळवलेली केबल. वळण चहाच्या कपाच्या घेरापेक्षा लहान नको. ओएनटी पत्र्याखाली किंवा गच्चीच्या दारावर लावू देऊ नका. बरेच डबे ४० अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे माहीत आहेच की राव.

लाइटचं असं: तांब्याच्या लाइनला वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून यायची, म्हणून अंधारातही फोन चालायचा. फायबरमधून वीज येत नाही. ओएनटीला १२ व्होल्ट घरूनच द्यावे लागतात. राउटरसाठीचा मिनी यूपीएस घ्या, पण डब्यावरच्या आकड्याला भुलू नका. '१०,००० एमएएच' हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. म्हणजे ३७ वॉट-तास, तोटा वजा करता ३० धरा. ओएनटी १० वॉट खात असेल तर तीन तास. अ‍ॅडॉप्टरवर १२ व्होल्ट १.५ अँपिअर लिहिलं असेल तर यूपीएस २ अँपिअरचा हवा, आणि पिनचा आकार नि ध्रुव जुळवून घ्या.

घरात इन्व्हर्टर असेल तर ओएनटी त्याच्या सॉकेटवर घ्या आणि मागचं बटण 'यूपीएस' मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये बदली व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात डबा रीस्टार्ट होतो आणि टोन परत यायला दोन-तीन मिनिटं जातात. कंपनीचा गल्लीतला डबा विजेविना किती टिकतो, हे मात्र आपल्या हातात नाही. म्हणून घरात एक साधा बटणांचा मोबाइल ठेवाच, ११२ नंबर भरून.

साखरपेठकर
जोडी सोडवली, मीटरवर ४८ दाखवत होता! कॉर्ड जोडली. खालचा फोन चालू. वरचा वाजतो, पण घंटा बारीक, आणि डायल फिरवून नंबर लागत नाही.

रोझेट
डायल पल्स, म्हणजे तुटक झटके पाठवते. बऱ्याच ओएनटींना फक्त टोन, म्हणजे बटणांच्या फोनचे सूर कळतात, त्यामुळे नंबर लागणार नाही. वायरिंगचा दोष नाही. घंटा बारीक, कारण ओएनटी एक्स्चेंजपेक्षा कमी जोराची रिंग देतो आणि लोखंडी घंटेला जास्त ताकद लागते. वर बटणांचा साधा फोन लावा, त्याच्या बुडाशी 'टी-पी' (टोन-पल्स) खटका असेल तर 'टी' वर. फिरवायचाच ठेवायचा असेल तर फक्त आलेला कॉल घेण्यापुरता.

नव्या फोनवर नंबर साठवताना मोबाइल नंबरांना आधी शून्य लावा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला शून्याशिवाय कॉल लागत नाही.