पुणे-क्राकोव-ऑस्टिन टीम आणि रात्री साडेनऊचा स्टँडअप

रात्रीचा_कॉल: आमची सॉफ्टवेअर टीम नऊ जणांची, पुण्यात चार, पोलंडमधल्या क्राकोवला तीन, अमेरिकेत ऑस्टिनला दोघं. स्टँडअप, म्हणजे रोजचा छोटा आढावा कॉल, ऑस्टिनच्या सकाळी दहाला. उन्हाळ्यात तो आपल्याकडे साडेआठला असायचा, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली आणि आता साडेनऊ. १५ मिनिटांचा कॉल ४० मिनिटं चालतो, मुलगी वाट बघून झोपून जाते. एवढं करूनही स्प्रिंटमधल्या (कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा) निम्म्या स्टोरीज (कामाचे छोटे तुकडे) पुढच्या स्प्रिंटमध्ये जातात. कुणी मार्ग काढलाय का?

टेस्टर_ताई: आमच्याकडे आता रोजचं अपडेट लिहूनच. ज्याने त्याने आपला दिवस संपताना चॅटवर टाकायचं, काय झालं, कुठे अडलंय आणि कुणाकडून काय हवंय. कॉल आठवड्यातून दोनदाच. 'काल काय केलं, आज काय करणार, काय अडलंय' हे तीन प्रश्न तर स्क्रम गाइडमधूनही (स्टँडअप-स्प्रिंटच्या या पद्धतीची अधिकृत मार्गदर्शिका) २०२० साली गेले, तरी लोक तेच पाठ म्हणतात.

जुना_डेव्ह: ताईंचं बरोबर आहे पण वेळ बदलून स्टोरीज पुढे ढकलल्या जाणं थांबणार नाही, ते काम कसं वाटून दिलंय त्यावर आहे. हिशोब करून बघ, हिवाळ्यात ऑस्टिनचे सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ, म्हणजे पुणे आणि ऑस्टिन ऑफिसच्या वेळात भेटतच नाहीत. एका स्टोरीचा एपीआय (स्क्रीनला माहिती पुरवणारा कोड) तिकडे आणि स्क्रीन इकडे असेल तर प्रत्येक शंकेला एक दिवस जातो, तीन शंका आल्या की अर्धा आठवडा गेला. क्राकोवशी मात्र दुपारी दीड ते सात सलग साडेपाच तास मिळतात! स्टोरी पुणे-क्राकोवमध्येच पूर्ण होईल अशी कापा, पीआरचा (कोडमधल्या बदलांचा) रिव्ह्यूही तिथेच. ऑस्टिनला स्वतंत्र मोड्यूल द्या. २००१ च्या अजाइल मॅनिफेस्टोत (अशा कार्यपद्धतींचा मूळ जाहीरनामा) समोरासमोर बोलण्यावर भर आहे, म्हणून ज्यांना बोलता येतं त्यांनाच एका कामावर ठेवायचं.

रात्रीचा_कॉल: आत्ताच बोर्ड उघडून बघितला, अडकलेल्या सातपैकी पाच स्टोरीज पुणे-ऑस्टिनच्याच निघाल्या. पण प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारे) ऑस्टिनला आहेत, त्यांच्या शंकांचं काय?

जुना_डेव्ह: त्यांच्याबरोबर आठवड्यातून एक रिफाइनमेंट कॉल (पुढच्या स्टोरीज नीट स्पष्ट करून घ्यायला), एकदा तुम्ही उशिरा थांबा, एकदा ते पहाटे उठतील. अॅक्सेप्टन्स क्रायटेरिया, म्हणजे स्टोरी कधी पूर्ण मानायची त्या अटी, त्याच कॉलमध्ये लिहून घ्या, उदाहरणांसकट, नाहीतर स्टोरी स्प्रिंटमध्ये घेऊ नका. हे रेट्रोत (स्प्रिंटनंतरच्या आढाव्याच्या बैठकीत) आकडे दाखवून मांड, मुलीचंही सांग.