जपानमधील वर्षअखेरीची सुट्टी : आपापले अनुभव

नोकरी, शिक्षण किंवा लग्नाच्या निमित्ताने जपानमध्ये राहणाऱ्या मराठी माणसासमोर डिसेंबर उजाडला की एकच प्रश्न उभा राहतो : भारतात जाऊन यावे की इथेच राहावे? नाताळ इथे सुट्टीचा दिवस नाही. २५ डिसेंबरला कचेऱ्या नेहमीसारख्या चालतात, संध्याकाळी लोक तळलेले चिकन आणि स्ट्रॉबेरीचा केक घेऊन घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी दुकानांतली नाताळची सजावट उतरून तिच्या जागी नववर्षाच्या पाइनच्या फांद्या आणि बांबू आलेले असतात. खरी सुट्टी २९ डिसेंबर ते ३ जानेवारी. या काळात सरकारी कचेऱ्या बंद, ३१ तारखेपासून बँकाही बंद, बहुतेक दवाखाने, ग्रंथालये आणि पुष्कळशी लहान उपाहारगृहे यांचेही तेच. हा सण रस्त्यावर होत नाही, घरात होतो. त्यामुळे ज्याचे कोणी नातलग इथे नाहीत त्याला राहते शहरच अचानक परके वाटू लागते. प्रेक्षणीय स्थळांची वर्णने पुष्कळ वाचायला मिळतात, म्हणून विनंती अशी की त्या दिवसांत आपण कोणाबरोबर होतात, काय खाल्लेत, कुठे अडलात आणि कोणी दार उघडले, ते लिहावे.

निशी-कासाई, टोकियो

आमच्या भागात २००० च्या सुमारास संगणकांच्या वर्षबदलाच्या कामासाठी भारतीय अभियंते येऊ लागले आणि आज इथे डाळी, कढीपत्ता, हिंग सगळे पायी अंतरावर मिळते. त्यामुळे एकटेपणाची तक्रार मी करणार नाही. जे भारतात जात नाहीत ते ३१ तारखेला एखाद्याच्या घरी जमतात, प्रत्येक जण एक पदार्थ आणतो आणि मध्यरात्री शेजारच्यांना त्रास होऊ नये म्हणून शुभेच्छासुद्धा हळू आवाजात दिल्या जातात.

नवीन आलेल्यांना दोन गोष्टी सांगतो. वर्षअखेरीस कचरा नेणारी गाडी काही दिवस येत नाही. शेवटची तारीख इमारतीच्या फलकावर लावलेली असते, ती पाहून मगच घराची साफसफाई काढावी. दुसरे म्हणजे नववर्षाची पोस्टकार्डे. ती २५ डिसेंबरपर्यंत टाकली तर बरोबर १ जानेवारीला घरोघर पोहोचतात. ऑक्टोबर २०२४ पासून कार्डाचा दर ८५ येन झाल्यापासून पाठवणारे आणखी कमी झाले, पण माझे वयस्कर घरमालक अजूनही पाठवतात आणि मीही उत्तर पाठवतो. ज्यांच्या घरी त्या वर्षी मृत्यू झाला असेल ते शुभेच्छा पाठवत नाहीत व तसे आधीच कळवतात. वर्षभर सण न करण्याची आपली रीत ठाऊक असल्यामुळे मला हे कोणी समजावून सांगावे लागले नाही.

सैतामा, शाळकरी मुलांची आई

३१ डिसेंबरच्या रात्री धाकट्याचा ताप १०३ च्या पुढे गेला आणि नेहमीचे बालरोगतज्ज्ञ ४ तारखेपर्यंत बंद होते. अशा वेळी देशभर चालणारा #८००० हा क्रमांक लावावा. मुलाची लक्षणे ऐकून रुग्णालयात लगेच न्यावे की सकाळपर्यंत थांबावे, हे तिथे सांगतात. मोठ्या माणसांसाठी #७११९ आहे, मात्र तो सगळ्या भागांत चालेलच असे नाही. सुट्टीच्या दिवशी कोणता दवाखाना पाळीवर उघडा असेल याची यादी नगरपालिकेच्या मासिक पत्रकात छापलेली असते. हे पत्रक आम्ही परदेशी माणसे बहुधा न वाचता रद्दीत टाकतो. डिसेंबरचा अंक तेवढा फ्रिजच्या दारावर लावून ठेवावा.

मुलांची सुट्टी साधारण दोन आठवड्यांची असते आणि तिच्यात वर्षाच्या पहिल्या सुलेखनाचा गृहपाठ असतो. जमिनीवर वर्तमानपत्रे पसरून, लांब कागदावर, जाड कुंचल्याने. थोरलीला शिकवायला मला काहीच येत नव्हते, म्हणून वरच्या मजल्यावरच्या आजी येऊन बसल्या आणि मनगट कसे धरायचे ते दाखवून गेल्या. चार वर्षे आम्ही एकमेकींना जिन्यात फक्त नमस्कार करत होतो.

दाझाइफू, फुकुओका, विद्यार्थी

विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला २८ तासच काम करता येते, परंतु शाळेच्या ठरलेल्या लांब सुट्ट्यांत दिवसाला ८ तासांची मुभा असते. त्यामुळे आमच्यासारख्यांची वर्षअखेरीची सुट्टी म्हणजे जास्तीच्या कमाईचा हंगाम. ज्यांना सुट्टी आहे त्यांना गरम चहा, अंडी आणि हातमोजे विकणारे कोणीतरी लागते, आणि ते काम जपानी मुलांना त्या रात्री नको असते. मी काम करतो ते दुकान दाझाइफू तेन्मान्गू या देवस्थानाच्या वाटेवर आहे. सुगावारा नो मिचिझाने या नवव्या शतकातल्या विद्वानाला तिथे विद्येचा देव मानतात, म्हणून प्रवेशपरीक्षेला बसणारी मुले आईवडिलांसह मध्यरात्रीपासून रांगेत उभी असतात. पहाटे चार वाजता माझ्या गल्ल्यासमोर उभा राहून एक मुलगा सूत्रे पाठ करत होता.

कामावरून सुटल्यावर मीही दर्शन घेतले. भारतात एकटा मंदिरात गेलो असतो तर मला काहीतरी चुकल्यासारखे वाटले असते. तिथे मात्र एकटी आलेली माणसे पुष्कळ होती.

निगाता, जपानी घरातली सून

आधीच्या ताईंनी अडचणीत उघडलेल्या दाराबद्दल लिहिले आहे. मी दाराच्या आत राहणारी आहे, तेव्हा आतले सांगते.

सासर डोंगराळ भागात आहे. तिथे बर्फ छपरापर्यंत साचते, आणि सकाळी सासरे व यजमान फावडी घेऊन वाट मोकळी करतात. इथली जुनी घरे आतून बाहेरच्याइतकीच गार असतात, कारण सगळे घर गरम करण्याची पद्धतच नाही. बसायची खोली तेवढी गरम करायची आणि बाकी घरातून पळत जायचे. खाली हीटर आणि वर दुलई असलेले कोतात्सूचे ठेंगणे मेज मधोमध असते. ३१ च्या रात्री त्यात पाय घालून सगळे टीव्हीवरची गाण्यांची स्पर्धा पाहतात, मग सोबा, म्हणजे बकव्हीटच्या शेवया, खातात आणि गावच्या देवळातली घंटा ऐकतात. घंटेचे ठोके १०८. सासूबाईंना मी जपमाळेचे मणीही तेवढेच असतात असे सांगितले तेव्हा त्यांनी कपाटातून स्वतःची माळ काढून दाखवली.

ओसेची या डब्यांत रचून ठेवलेल्या नववर्षाच्या पदार्थांबद्दल असे सांगतात की ते तीन दिवस टिकतात, म्हणून घरच्या बायकांना नववर्षात स्वयंपाकातून विश्रांती मिळते. माझे मत निराळे आहे. ती विश्रांती आधीच्या दोन दिवसांत पुरेपूर वसूल केलेली असते. काळे सोयाबीन मंद आचेवर तासन्तास शिजवायचे, रताळे गाळून त्यात गोड चेस्टनट मिसळायचे, समुद्री शेवाळाच्या गुंडाळ्या बांधायच्या, प्रत्येक भाजी वेगळ्या पाण्यात उकळायची. आणि हे सगळे त्या गार स्वयंपाकघरात उभ्याने. अलीकडे पुष्कळ घरे तयार डबे मागवतात आणि माझी जाऊ हे उघडपणे सुचवते. सासूबाई ऐकून घेतात आणि सोयाबीन भिजत घालतात.

मी मांसमासे खात नाही, आणि जपानी स्वयंपाकात अडचण दिसणाऱ्या माशाची नसते, ती रश्शातल्या वाळवलेल्या माशाच्या अर्काची असते. पहिल्या वर्षी मी भात आणि लोणच्यावर भागवले. कोणी काही बोलले नाही, पण त्यानंतरच्या डिसेंबरात सासूबाईंनी कोंबू शेवाळ आणि वाळलेली शिताके अळंबी रात्रभर पाण्यात भिजवून वेगळा रस्सा केला आणि त्यात चौकोनी मोची, म्हणजे चिकट तांदळाची वडी, भाजून सोडली. पश्चिम जपानात ती गोल असते, यावर माझे यजमान आणि ओसाकाचे मेहुणे दरवर्षी वाद घालतात. आता त्या लहान पातेल्यातले सासरेही मागून घेतात. मी माझ्याकडून तिळाची चटणी करते. ती भातावर खाल्ली जाते, मात्र कौतुकाने की भिडेने, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

कानाझावा, इशिकावा, संशोधक

१ जानेवारी २०२४ बद्दल लिहावे की नाही याचा विचार केला. त्या दिवसाशिवाय इथल्या नववर्षाबद्दल मला लिहिता येत नाही.

प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याने मला दुपारी घरी जेवायला बोलावले होते. जेवण आटोपले होते, त्याच्या भाच्यांना लहान पाकिटांतून नववर्षाचे पैसे वाटून झाले होते (मीही दिले, सल्ला घेऊनच, कारण वयानुसार रक्कम ठरते), आणि मुले ते मोजत बसली होती. चारच्या पुढे एक धक्का आला, आणि तो ओसरला असे वाटेपर्यंत ४ वाजून १० मिनिटांनी दुसरा, ७.६ तीव्रतेचा. केंद्र उत्तरेला नोतो द्वीपकल्पात होते. जमीन किती हादरली हे मोजणाऱ्या वेगळ्या जपानी मापनातली सर्वोच्च, म्हणजे ७ ही पातळी वाजिमा आणि शिका इथे नोंदली गेली, कानाझावात ५ या पातळीचा वरचा टप्पा. टीव्हीवरची एरवी संथ बोलणारी निवेदिका ओरडून समुद्रकाठच्या लोकांना पळायला सांगत होती. तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही.

आम्ही जवळच्या शाळेच्या व्यायामशाळेत गेलो. तिथे मला दिसले की सणाचा दिवस असल्यामुळे संकटाचे स्वरूपच बदलले होते. एरवी गावात फक्त म्हातारी माणसे असतात. त्या दिवशी टोकियो-ओसाकाहून मुले, सुना, नातवंडे आलेली होती, त्यामुळे कोसळलेल्या घरांत माणसे अधिक होती. दुकाने बंद, कचेऱ्या बंद, रस्ते खचलेले. या भूकंपात दोनशेहून अधिक माणसे घरांखाली आणि दरडींखाली गेली. आमच्या व्यायामशाळेत मात्र लोकांनी घरातून निघताना हाताशी आलेले उचलून आणले होते, आणि हाताशी होते ते ओसेचीचे डबे. लाकडी जमिनीवर चटया टाकून अनोळखी कुटुंबे एकमेकांना गोड सोयाबीन वाढत होती. मला पुण्याहून सतत फोन येत होते. एका आजोबांनी आपला चार्जर माझ्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी राजवाड्यातला नववर्षाचा जाहीर दर्शनसोहळा रद्द झाला. संध्याकाळी नोतोसाठी मदतसामग्री नेणाऱ्या तटरक्षक दलाच्या विमानाची हानेदा विमानतळावर प्रवासी विमानाशी टक्कर झाली. प्रवासी विमानातले ३७९ जण वाचले, तटरक्षक दलाचे पाच जण गेले. त्या वर्षी आमच्या संस्थेत कोणी कोणाला नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या नाहीत. “यंदाही सांभाळून घ्या” एवढेच म्हणायचे.

मी आता १ तारखेला पाण्याच्या बाटल्या, विजेरी आणि निवासपत्र पिशवीत भरूनच कोणाकडे जेवायला जातो. यजमानांना याचे नवल वाटत नाही.

गुन्मा, वृद्धाश्रमात परिचारिका

आमच्याकडे सुट्टी नसते, पाळ्या असतात. १ तारखेच्या पाळीला थोडा भत्ता मिळतो म्हणून परदेशी मुली ती मागून घेतात. ज्यांना घरी नेण्यासाठी मुले येतात ते आजी-आजोबा ३० तारखेला जातात आणि उरलेल्यांबरोबर आम्ही उरतो. मोची घशात अडकून दर नववर्षाला वृद्ध दगावतात, त्यामुळे आमच्याकडे चिकट न होणारा मऊ पर्याय करतात; खरी मोची हवी म्हणून रुसणारे एक आजोबा आहेत, त्यांची समजूत घालणे हे माझे काम. २ आणि ३ तारखेला सकाळपासून टीव्हीवर टोकियो ते हाकोने आणि परत अशी विद्यापीठांची रिले धावण्याची शर्यत लागते. ती मला आधी कंटाळवाणी वाटत असे, पण प्रत्येक आजी आपापल्या विद्यापीठासाठी ओरडू लागली की पाळी कधी संपते ते समजत नाही.

योकोहामा

संक्रांतीचे तिळाचे लाडू इथे कसे करावेत, असे कोणी विचारले होते. सुट्टी संपल्यावर संक्रांत लगेच येते. भारतीय दुकान जवळ नसेल तर भाजलेले पांढरे तीळ कोणत्याही दुकानात मिळतात आणि गुळाच्या जागी ओकिनावाची काळी साखर चालते. ती उसाचीच असते. चव किंचित खारट लागते. पाकात पाणी कमी घालावे आणि लाडू गरम असतानाच वळावेत.

साप्पोरो

होक्काइदोत राहून सुट्टीसाठी भारतात जाणाऱ्यांसाठी एवढेच : निघण्यापूर्वी घरातल्या नळांचे पाणी पूर्ण काढून टाकावे, नाहीतर नळ गोठून फुटतात आणि खालच्या मजल्याच्या नुकसानीचा खर्च भाडेकरूकडे येऊ शकतो. पाणी काढायची कळ प्रत्येक इमारतीत निराळ्या जागी असते. ती ठाऊक नसेल तर व्यवस्थापन कंपनीला २८ तारखेच्या आत फोन करावा. त्यानंतर ४ जानेवारीपर्यंत बहुधा कोणी उचलत नाही.